चिंगीसाठी टॅमिफ्लू घरात ठेवावे का?

पत्र : आमची मांजर चिंगी तीन वर्षांची आहे, वजन साधारण चार किलो. यजमान कोंबडीच्या दुकानातून येताना तिच्यासाठी कच्ची कलेजी आणि पेटा घेऊन येतात, आणि सकाळी गंगावेशीतून आणलेल्या धारोष्ण दुधातली एक वाटी तिची ठरलेली असते. गेल्या आठवड्यात आमच्या गच्चीवर दोन कावळे मरून पडलेले दिसले. त्यातल्या एकाला चिंगी पंजाने ओढत होती. सध्या तिला काही झालेले नाही. माझा भाचा औषधाच्या दुकानात काम करतो. बर्ड फ्लूवर टॅमिफ्लू चालते, एक पाकीट घरात आणून ठेव आणि शिंकली की एक कॅप्सूल दे, असे तो सांगतो. माझ्या मैत्रिणीचे मांजर पोट फुगून अगदी मरायला टेकले होते, तेही ‘अँटीव्हायरल’ इंजेक्शनांनी वाचले. मग मांजरांच्या बर्ड फ्लूवर औषध आहे, असे समजायचे का? घरात सासूबाई आणि लहान मुलगी आहे, म्हणून काळजी वाटते.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी चिंगीविषयी. मेलेल्या कावळ्याशी तिचा संबंध येऊन आठवडा उलटला आहे आणि ती नीट खाते-पिते, ही समाधानाची बाब आहे. लागण झालेल्या मांजरात लक्षणे बहुधा काही दिवसांतच दिसू लागतात. तरीही कावळे सापडले त्या दिवसापासून पूर्ण दोन आठवडे तिला घरातच ठेवावे, गच्चीचे दार बंद ठेवावे आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती किती खाते, श्वास कसा घेते, चालताना तिचा तोल जातो का, एवढे बारकाईने पाहत राहावे. या काळात तिचे तोंड चेहऱ्याशी घेणे आणि तिला अंथरुणात झोपवणे मुलीनेही टाळावे आणि सासूबाईंनीही. कावळे विषबाधेने, विजेच्या धक्क्याने किंवा इतर आजारांनीही मरतात, त्यामुळे ते बर्ड फ्लूनेच मेले असे मी म्हणत नाही. आज मात्र चिंगीला कोणतेही औषध द्यायचे नाही.

तुमच्या भाच्याचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धे आहे. ‘हा विषाणू औषधाला दाद देतो’ हे एक विधान झाले आणि ‘या औषधाने मांजर वाचते’ हे दुसरे. पहिल्या विधानाला प्रयोगशाळेतला भरपूर आधार आहे, दुसऱ्याला मात्र फारच तोकडा आधार आहे. तुमच्या प्रश्नाचे सगळे उत्तर या दोन विधानांमधल्या अंतरात आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

मांजरांना बर्ड फ्लू होतो हे जगाला ठळकपणे कळले ते थायलंडमध्ये. २००३ च्या डिसेंबरात तिथल्या एका प्राणिसंग्रहालयात कोंबडीचे कच्चे मांस खाल्लेले वाघ आणि बिबटे बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने मेले. २००४ च्या ऑक्टोबरात सिराचा येथील व्याघ्र उद्यानात हीच साथ पसरली आणि ४४१ वाघांपैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना दयामरण द्यावे लागले. त्याच वर्षी थायलंडमध्येच मेलेले कबूतर खाल्लेल्या एका घरगुती मांजराचा मृत्यू नोंदला गेला, आणि प्रयोगात लागण केलेली मांजरे सोबतच्या मांजरांनाही विषाणू देतात, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले. २०२३ च्या उन्हाळ्यात पोलंडच्या वेगवेगळ्या शहरांत मांजरे अचानक मरू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने जुलैमध्ये दिलेल्या माहितीनुसार तपासलेल्या ४७ नमुन्यांपैकी २९ नमुन्यांत एच५एन१ सापडला. या मांजरांतील विषाणू एकमेकांशी इतके जुळणारे होते की सर्वांना लागण कोठून तरी एकाच ठिकाणाहून झाली असावी, हा तर्क पुढे आला आणि संशयाची सुई कच्च्या कोंबडीच्या मांसाकडे वळली. २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील दुभत्या गायींच्या गोठ्यांवर आजारी गायींचे न उकळलेले दूध प्यायलेली मांजरे मेली. त्यांच्या मेंदूत आणि फुप्फुसांत विषाणू सापडला.

हे सगळे दूरदेशीचे आहे असे वाटू नये. देशातील पहिली बर्ड फ्लूची साथ २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत आढळली होती. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या तपासणीत एच५एन१ निष्पन्न झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत हा विषाणू सापडला, तसेच तिथल्या चिकन बाजारातील नमुन्यांतही. मेलेला पक्षी, कच्ची कोंबडी आणि न उकळलेले दूध हे मांजरांना लागण होण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. तुमचे पत्र वाचताना मी थबकलो ते याचमुळे, कारण चिंगीच्या दिनक्रमात हे तिन्ही आहेत.

आता औषधांकडे वळू. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर वापरात आलेली औषधे प्रामुख्याने तीन घराण्यांतली आहेत. सर्वांत जुने घराणे अमँटाडिनचे. विषाणूच्या आवरणातील एम२ नावाची सूक्ष्म वाहिनी ते बंद करते. परंतु या वाहिनीत एका जागी बदल झाला की औषध निष्प्रभ ठरते, आणि असे बदल माणसांच्या फ्लूमध्ये इतके सर्वत्र पसरले की आज हे औषध फ्लूसाठी सुचवले जात नाही. दुसरे घराणे तुमच्या भाच्याने सांगितलेले. टॅमिफ्लू हे व्यापारी नाव, औषध ओसेल्टामिविर. त्याचीच भावंडे म्हणजे हुंगून घ्यायचे झानामिविर आणि शिरेतून द्यायचे पेरामिविर. विषाणू पेशीत शिरून आपल्या प्रती तयार करतो आणि त्या प्रती पेशीच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या असताना न्यूरामिनिडेझ नावाच्या विकराने (एन्झाइमने) तो चिकटा कापून त्यांना मोकळे करतो. ओसेल्टामिविर ही कात्री निकामी करते. तिसरे, अलीकडचे औषध बॅलोक्साविर. जपान आणि अमेरिका या देशांत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते आणखी अगोदरच्या टप्प्यावर, म्हणजे विषाणू स्वतःच्या प्रती काढू लागतो तिथेच अडथळा आणते.

सध्या जगभर फिरणारे एच५एन१ विषाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर ही औषधे तपासली जातात, तेव्हा बहुतेक विषाणू ओसेल्टामिविरलाही दाद देतात आणि बॅलोक्साविरलाही. भाच्याच्या कानावर आले ते इथपर्यंतचे, आणि तेवढे खरेच आहे.

परंतु काचेच्या तबकडीतल्या पेशींना यकृत नसते, मूत्रपिंड नसते आणि मेंदूही नसतो. ओसेल्टामिविर गिळले जाते तेव्हा ते प्रत्यक्षात निष्क्रिय असते. यकृतातील विकर त्याचे सक्रिय रूपात परिवर्तन करतात आणि ते सक्रिय रूप मूत्रावाटे बाहेर पडते. माणसात हे किती वेगाने होते, कोणत्या वजनाला किती मात्रा लागते, याचा अभ्यास झालेला आहे आणि त्यावरून मोठ्यांचे व मुलांचे डोस ठरले आहेत. मांजरांच्या फ्लूसाठी मान्यता मिळालेले असे एकही औषध नाही आणि ठरलेली मात्राही नाही. काही पशुवैद्यक विशेष परिस्थितीत स्वतःच्या जबाबदारीवर ओसेल्टामिविर वापरतात, परंतु ते अंदाजाने केलेले उपचार असतात. एखादे मांजर त्यातून वाचले तर ते औषधाने वाचले की स्वतःच्या प्रतिकारशक्तीने, हे एकेकट्या अनुभवावरून सांगता येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. माणसातही हे औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तरच सर्वाधिक उपयोगी पडते. मांजर आपला आजार लपवणारे जनावर आहे. ते पलंगाखाली जाऊन बसते, एक जेवण सोडते, आणि आपण ‘आज रुसली आहे’ म्हणून दुर्लक्ष करतो. मांजरांत हा विषाणू फुप्फुसांपुरता न राहता मेंदूपर्यंत वेगाने पोहोचतो. पुष्कळ मांजरांत तोल जाणे, झटके येणे, गोल-गोल फिरणे, अचानक न दिसणे हीच ठळक लक्षणे असतात, आणि ओसेल्टामिविर मेंदूत फारच कमी प्रमाणात उतरते. आजार जिथे सर्वांत घातक ठरतो नेमके तिथेच औषधाचे बळ कमी पडते. सिराचाच्या वाघांना ओसेल्टामिविर देऊन पाहिले होते, तरी साथ त्याने आवरली नाही. उंदरांवरील प्रयोगांतही, अमेरिकेतील गायींमधून मिळालेल्या एच५एन१ विषाणूवर बॅलोक्साविर हे ओसेल्टामिविरपेक्षा सरस ठरले, आणि विषाणू तोंडावाटे पोटात गेला असेल तर उपचार सर्वांत अवघड झाले. मांजरांना लागण बहुधा तोंडावाटेच होते, म्हणून हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो.

भाच्याने सांगितलेल्या मात्रेचा हिशेबही करून पाहू. बाजारातील मोठ्यांची कॅप्सूल ७५ मिलिग्रॅमची असते. साठ किलोच्या माणसाला ती एका वेळी किलोमागे सव्वा मिलिग्रॅम पडते. चार किलोच्या चिंगीला तीच कॅप्सूल किलोमागे जवळजवळ एकोणीस मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा पट पडेल. कॅप्सूल फोडून चिमूटभर द्यावी म्हटले तर ती पूड अतिशय कडू असते. मांजराच्या तोंडाला फेस येतो, ते ओकते, आणि पोटात नेमके किती गेले हे कोणालाच कळत नाही.

अर्धवट मात्रेचा धोका केवळ चिंगीपुरता राहत नाही. विषाणू औषधाच्या सान्निध्यात वाढत राहिला की औषधाला न जुमानणारे त्याचे प्रकार निवडले जाण्याची शक्यता असते. न्यूरामिनिडेझमधील २७५ व्या स्थानी एक अमिनो आम्ल बदलले, की ओसेल्टामिविरची पकड सुटते. २००५ मध्ये व्हिएतनाममध्ये एच५एन१ झालेल्या रुग्णांत ओसेल्टामिविरचे उपचार चालू असतानाच हा बदल दिसून आला होता आणि त्यांतले दोन रुग्ण दगावले. २०२४ च्या ऑक्टोबरात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आठ कुक्कुटपालन केंद्रांवरील विषाणूंत हाच बदल सापडला. बॅलोक्साविरची परिणामकारकता कमी करणारा बदलही त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका माणसाच्या नमुन्यात आढळला. हे प्रकार अद्याप विरळ आहेत, पण ओसेल्टामिविर हे उद्या तुमच्या सासूबाईंना किंवा मुलीला गरज पडली तर डॉक्टरांच्या हाती असणारे पहिले औषध आहे. अमेरिकेने २००६ मध्ये कोंबड्या, टर्की आणि बदकांना ही औषधे देण्यास बंदी घातली ती याच विचाराने. म्हणून मी स्पष्ट सांगतो, टॅमिफ्लूचे पाकीट आणून ठेवू नका. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणेही नियमाला धरून नाही, हे भाच्याला प्रेमाने सांगा.

तुमच्या मैत्रिणीच्या मांजराची गोष्ट बहुधा एफआयपी या आजाराची असावी. पोटात पाणी भरणे हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. तो मांजरांच्या कोरोनाविषाणूमुळे होतो, आणि पूर्वी जवळजवळ हमखास प्राणघातक असलेल्या या आजारात जीएस-४४१५२४ आणि रेमडेसिविर या औषधांनी खरोखर मोठी क्रांती घडवली आहे. मात्र ‘अँटीव्हायरल’ हा शब्द एक असला तरी प्रत्येक औषध ठरावीक विषाणूच्या ठरावीक यंत्रणेवर बेतलेले असते. ती इंजेक्शने बर्ड फ्लूवरचा उपचार नव्हेत. त्याचप्रमाणे मांजरांना आपण दरवर्षी देतो ती तीन आजारांवरची लस बर्ड फ्लूपासून संरक्षण देत नाही. ती लस इतर कारणांसाठी अवश्य द्यावी.

याच ओघात एक कळकळीची विनंती. ताप वाटला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळी नको आणि लहान मुलांचे सरबतही नको. ते पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट होते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात आणि जनावर तडफडून मरते. माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात साध्या सर्दीने मेलेली मांजरे मी क्वचितच पाहिली, पण घरच्यांनी मायेपोटी दिलेल्या या गोळीने मेलेली पाहिली आहेत, आणि त्या घरच्यांचे चेहरे मी विसरू शकलेलो नाही.

औषधाचा भरवसा एवढा कमी असताना खरा उपाय राहतो तो चिंगीच्या वाटीत, आणि तो तुमच्या पूर्ण हातातला आहे. कलेजी-पेटा बंद करण्याची गरज नाही, कच्चा देणे बंद करावे. मांस सर्व बाजूंनी, आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला तापले की विषाणू नष्ट होतो. घरच्या भाषेत सांगायचे तर तुकडा कापल्यावर आत गुलाबी राहू नये आणि पाणी खळखळून उकळलेले असावे. फ्रीजरमध्ये ठेवल्याने विषाणू मरत नाही, उलट टिकतो. चिंगीसाठी वेगळ्या पातेल्यात नुसत्या पाण्यात शिजवावे. तांबडा-पांढरा रस्सा तिला देऊ नये, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. शिजवलेली हाडेही काढून टाकावीत, ती फुटून घशात किंवा आतड्यात रुततात. दुधाबाबत, टेक्सासमधील घटना अमेरिकेतल्या गायींची आहे, गंगावेशीतल्या म्हशींची नाही, हे मी आवर्जून सांगतो. कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचे कोल्हापूरकराला असलेले प्रेम मी जाणतो. तरीही चिंगीची वाटी उकळलेल्या दुधाचीच असावी, आणि मुलीचा पेलाही, कारण कच्च्या दुधातून पसरणारे इतरही आजार आपल्याकडे आहेत. कच्चे मांस हाताळल्यावर हात, विळी आणि ओटा साबणाने धुवावा. या विषाणूला स्निग्ध आवरण असल्यामुळे साबणापुढे तो टिकत नाही.

पुन्हा मेलेला पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. एका जागी पाच-सहा कावळे किंवा रंकाळ्याच्या काठी पाणपक्षी मेलेले दिसले, तर १९६२ या पशुसंवर्धन विभागाच्या क्रमांकावर किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. नमुने घेऊन ते पुण्याच्या आणि तिथून गरजेनुसार भोपाळच्या प्रयोगशाळेत पाठवणे हे त्यांचे काम आहे. तुमच्या गच्चीवरचे कावळे एव्हाना हलवले असतील, तर ती जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून धुवून घ्यावी. कोरडा झाडू मारू नये.

या दोन आठवड्यांत चिंगीने सलग दोन वेळा खाणे सोडले, ती धापा टाकू लागली, डोळे-नाक वाहू लागले, डोळे किंवा हिरड्या पिवळट दिसू लागल्या, तोल गेला किंवा झटका आला, तर तिला टोपलीत घालून थेट दवाखान्यात नेऊ नये. आधी फोन करावा, म्हणजे डॉक्टर इतर जनावरांपासून दूर तिला पाहण्याची सोय करतील. श्वास लागलेल्या मांजराला प्राणवायू, सलाईन आणि ऊब यांचा आधार देणे हा आजही उपचाराचा मुख्य भाग आहे. ओसेल्टामिविर द्यायचे की नाही, हे त्या वेळी तुमच्या पशुवैद्यकांनी, नमुना घेतल्यानंतर, ठरवायचे आहे. अशी लक्षणे मांजरांच्या इतर सर्दी-तापातही असतात आणि विषबाधेतही असतात. मज्जासंस्थेची लक्षणे असतील तर आपल्याकडे रेबीजचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. त्यामुळे अशा अवस्थेत तिने कोणाला चावा घेतला किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात रेबीजची लस घ्यावी. बर्ड फ्लूच्या चर्चेत हे राहून जाऊ नये.

घरातील माणसांना मांजराकडून बर्ड फ्लू होण्याचा धोका कमी आहे, पण शून्य नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधील प्राणी आसरागृहांत बर्ड फ्लूचा एच७एन२ हा सौम्य प्रकार शेकडो मांजरांत पसरला होता, तेव्हा त्या मांजरांवर उपचार करणाऱ्या एका पशुवैद्यकाला त्याची लागण झाली होती. म्हणून चिंगी आजारी पडलीच तर तिची काळजी घरातल्या एकाच निरोगी व्यक्तीने, मास्क आणि मोजे वापरून घ्यावी. त्यानंतरच्या दहा दिवसांत कोणाला ताप, खोकला किंवा डोळ्यांची लाली जाणवली, तर डॉक्टरांना ‘घरातले मांजर आजारी होते’ हे न विचारता सांगावे. टॅमिफ्लू वेळेवर सुरू करण्याचा निर्णय त्यांना त्या एका वाक्यामुळे घेता येईल.

दार बंद ठेवल्यावर चिंगी पहिले दोन-तीन दिवस फार ओरडेल. खिडकीला जाळी लावून तिथे पोते अंथरून द्या, म्हणजे तिला कावळे दिसतील, पण हाती लागणार नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कावळे सापडले त्या तारखेवर खूण करा आणि त्यापुढे चौदा दिवस मोजा. पशुवैद्यकांना फोन करण्याची वेळ आलीच, तर ती तारीख आणि त्या आठवड्यात चिंगीने काय काय खाल्ले, हे दोन्ही त्यांना आधी सांगा.